नकार देण्याआधी एकदा जहाजावर चढून पाहा

प्रति,
किनारी राष्ट्रांची सागरी प्रशासनं, बंदर अधिकारी आणि त्यांना रात्री-अपरात्री फोन करणारे मंत्री यांस,

सप्रेम नमस्कार.

मी चीफ ऑफिसर असतानाची गोष्ट. पोटात खनिज भरलेलं जुनं बल्क कॅरियर, समोरून येणारा उंच समुद्र. सकाळच्या फेरीत आमच्या सारंगाला तीन नंबर हॅचच्या, म्हणजे माल भरायच्या तोंडाच्या, कोपऱ्याशी डेकच्या पत्र्यात भेग दिसली. केसासारखी बारीक, वीतभर लांब. त्याने खिशातून खडू काढला, भेगेच्या दोन्ही टोकांशी आडवी रेघ मारली आणि बाजूला वेळ लिहिली, ०६४०. दुपारी आम्ही दोघं पुन्हा तिथे वाकून बसलो, तर भेग रेघ ओलांडून चार बोटं पुढे सरकली होती. त्याने नवी रेघ मारली, नवी वेळ लिहिली. संध्याकाळपर्यंत त्या पत्र्यावर वेळापत्रकच तयार झालं. मग भेगेच्या टोकाला ड्रिलने भोक पाडलं. गोल भोकाशी भेग थबकते. निदान थबकावी, अशी आशा असते.

तीस मैलांवर किनारा होता. तिथल्या एका भूशिराच्या आडोशाला पाणी शांत असणार, हे नकाशा बघूनच कळत होतं. कप्तानसाहेबांनी नांगर टाकायची परवानगी मागितली. धक्का नको, क्रेन नको, फक्त आडोसा. रेडिओवर उत्तर आलं, 'स्टँड बाय'. म्हणजे थांबा. आम्ही एकोणीस तास थांबलो. दर दोन तासांनी विचारायचं आणि तेच ऐकायचं. मध्ये तिकडची पाळी बदलली, आवाज बदलला, शब्द तेच राहिले. शेवटी निरोप मिळाला तो 'किनाऱ्यापासून पन्नास मैल लांब राहा' असा. आमच्या नशिबाने त्याच रात्री वारा पडला. तो पडला नसता तर हे पत्र लिहायला मी उरलो नसतो, असं काही नाटकी म्हणणार नाही. हेलिकॉप्टरने आम्हाला बहुधा उचललं असतं. जहाज मात्र गेलं असतं.

भेग वाढते आहे हे आम्ही कळवत होतो. पण ती किती, कुठे, कोणत्या बाजूला, हे डोळ्यांनी बघायला त्या एकोणीस तासांत कोणी आलं नाही. न बघता दिलेल्या त्या नकाराबद्दल हे पत्र आहे.

पोलाद लाटांनी कसं मोडतं, हे तुमच्यातल्या दर्यावर्दी अधिकाऱ्यांना सांगायची गरज नाही, पण मंत्रीही वाचतील म्हणून लिहितो. लोखंडी तार हाताने तोडायची तर आपण ती ओढत नाही, मागे-पुढे वाकवत राहतो. जहाजाचं तसंच होतं. लाटेचा माथा मधोमध आला की दोन्ही टोकं खाली लोंबतात. पुढच्या काही सेकंदांत टोकं दोन लाटांवर आणि मध्य पोकळीवर. चांगलं जहाज हे वर्षानुवर्षं सोसतं. भगदाड पडलेल्या जहाजाकडे मात्र मोजकेच हेलकावे शिल्लक असतात, आणि 'लांब जा' म्हणणारा माणूस तेच खर्च करून टाकतो. शिवाय दुरुस्तीची सगळी कामं शांत पाण्यातली. दुसरं टँकर शेजारी बांधून माल त्यात उपसायचा, पाणबुड्याने खालून ठिगळ मारायचं, जादा पंप चढवायचे, यातलं काहीच उसळत्या पाण्यात धड होत नाही. जड इंधन तेल तर तापवल्याशिवाय पंपातून सरकत नाही. बॉयलर विझला की ते टाकीतच डांबरासारखं बसतं.

आता 'प्रेस्टीज'. १३ नोव्हेंबर २००२ ला स्पेनच्या गॅलिशिया किनाऱ्यासमोर वादळात या टँकरची उजवी कूस फुटली. आत ७७,००० टन जड इंधन तेल. जहाज कललं तेव्हा कप्तान मँगुरास यांनी डाव्या बाजूच्या टाक्यांत पाणी घेऊन ते सरळ केलं. त्याने बुडणं टळलं, पण सांगाड्यावरचा ताण वाढला. आडोसा मागितला, मिळाला नाही. जहाज ओढून बाहेर न्यायचा हुकूम झाला. आधी वायव्येला, मग दक्षिणेला. तिकडे पोर्तुगालच्या नौदलाने आमच्या बाजूला येऊ नका म्हणून बजावलं. सहाव्या दिवशी, १९ तारखेला, किनाऱ्यापासून सुमारे १३० सागरी मैलांवर त्याचे दोन तुकडे झाले. ६०,००० टनांहून जास्त तेल समुद्रात गेलं आणि ज्या किनाऱ्याला वाचवायचं म्हणून जहाज लांब धाडलं, त्याच किनाऱ्यावर परत आलं. वर फ्रान्सच्या किनाऱ्यालाही लागलं.

हे जहाज खाडीत घेतलं असतं तर काहीच सांडलं नसतं, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. कदाचित ती एक खाडी काळी झाली असती. पण खाडीच्या तोंडाला तेल अडवणाऱ्या तरंगत्या पट्ट्या बांधता येतात. खुल्या समुद्रात प्रवाह आणि वारा मिळून तेल कुठे नेतील ते कोणाच्याच हातात राहत नाही. १९८२ च्या समुद्रकायदा कराराचं कलम १९५ सांगतं की प्रदूषणाचा धोका एका भागातून दुसऱ्या भागात ढकलू नये. आपल्या दारातली घाण शेजारच्या दारात लोटू नये, एवढाच त्याचा अर्थ. करारावर सह्या तर बहुतेकांच्या आहेत.

यातलं दुखरं असं की दोनच वर्षांपूर्वी 'कॅस्टर'ने धडा देऊन ठेवला होता. डिसेंबर २००० च्या अखेरीस भूमध्य समुद्रात या टँकरच्या डेकवर वीस मीटरहून लांब भेग पडली. पोटात २९,५०० टन पेट्रोल. एकामागून एक देशांनी हात झटकले आणि ते जहाज चाळीसेक दिवस दोराच्या टोकाला बांधून समुद्रभर फिरवलं गेलं. शेवटी खुल्या समुद्रातच, हवामान सवड देईल तसा, माल दुसऱ्या जहाजात उपसला. पेट्रोलची वाफ गावाशेजारी नको, हे त्या देशांचं म्हणणं मला पटतं. पण आश्रय म्हणजे गावाशेजारचा धक्का, हे कोणी ठरवलं? वस्तीपासून लांब, वाऱ्याच्या आड असलेली एखादी नांगरायची जागाही चालते. 'बंदर' हा शब्द ऐकताच तुम्ही दार लावता. आमचं मागणं अनेकदा बंदराचं नसतंच.

पूर्वी हा प्रश्न वेगळा होता. संकटातल्या जहाजाला कुठल्याही किनाऱ्याने आत घ्यावं, ही जुनी रीत. १८०९ साली 'एलेनॉर' जहाजाच्या खटल्यात इंग्लंडच्या न्यायालयाने तिच्या अटीही तपासल्या होत्या : संकट खरं हवं, निकडीचं हवं, स्वतः ओढवून घेतलेलं नको. त्या काळी माणसं वाचवायची तर जहाजच आत घ्यावं लागे. दोन्ही वेगळं करायची सोयच नव्हती. ती सोय हेलिकॉप्टरने केली. माणसं उचलली की रिकामं जहाज कोणाचंच राहिलं नाही. 'टोलेडो' जहाज १९९० मध्ये आयर्लंडने परत पाठवलं, त्याच्या खटल्यात १९९५ साली तिथल्या उच्च न्यायालयाने जवळपास हेच म्हटलं : आश्रयाचा हक्क मुळात माणुसकीचा आहे, मालमत्तेचा नाही, खलाशी सुरक्षित असतील तर राष्ट्र आपलं हित बघून नकार देऊ शकतं.

कायद्याचा तो अर्थ बरोबर असेल. मी वकील नाही. पण त्याचा डेकवर काय परिणाम होतो तो ऐका. माणसं उतरवली की पंपावर कोणी नसतं, जनरेटर बंद पडतो, कुठली टाकी भरली आणि कुठली रिकामी हे सांगणारा कोणी उरत नाही. टगचा, म्हणजे ओढणाऱ्या बोटीचा, दोर जहाजावर बांधून घ्यायलाही हात लागतातच. म्हणजे ज्या क्षणी जहाजाचा हक्क संपला असं तुम्ही मानता, त्याच क्षणापासून ते जास्त धोकादायक व्हायला लागतं. माणसं वाचवून झाल्यावर तुम्ही सुटकेचा श्वास टाकता, तो मला समजतो. पण तेव्हा काम अर्धंच झालेलं असतं.

किनाऱ्यावरच्या लोकांची बाजू मला कळत नाही असं समजू नका. परक्या झेंड्याचं जहाज, तिसऱ्याच देशातला मालक, माल चौथ्याचा, आणि जाळ्यात डांबर येणार ते आपल्या मच्छीमाराच्या. ज्याचं जळतं त्याला कळतं. आश्रय देणाऱ्याच्या हातून चुकाही होतात. १९९६ च्या फेब्रुवारीत 'सी एम्प्रेस' हे टँकर वेल्समधल्या मिलफर्ड हेवनमध्ये शिरताना खडकावर चढलं. पुढचे काही दिवस ते पुन्हापुन्हा टेकत, सुटत राहिलं आणि ७२,००० टन कच्चं तेल तिथेच, किनाऱ्याला लागून सांडलं. पण शेवटी ते जहाज धक्क्याला आणूनच उरलेला माल काढला, हेही त्याच घटनेत घडलं.

त्या आणि त्याआधीच्या अपघातांतून ब्रिटनने एक गोष्ट शिकून घेतली, आणि मला वाटतं सगळ्यांनी उचलावी अशी तीच एक आहे. १९९९ मध्ये त्यांनी एक पद निर्माण केलं. अपघातग्रस्त जहाजाचं काय करायचं हे ठरवणारा एकच माणूस. सरकारचा प्रतिनिधी, पण काम चालू असताना मंत्र्याने त्यात लुडबुड करायची नाही. २००७ च्या जानेवारीत याची कसोटी लागली. इंग्लिश खाडीत 'एमएससी नेपोली' या कंटेनर जहाजाची कूस वादळात फाटली. २६ जणांना हेलिकॉप्टरने उचललं, जहाज पोर्टलंडकडे ओढत न्यायला सुरुवात झाली. वाटेत सांगाडा टिकणार नाही असं दिसल्यावर त्या अधिकाऱ्याने ते मुद्दाम ब्रॅन्सकमच्या उथळ पाण्यात, वाऱ्याच्या आड, वाळूवर टेकवलं. आणि किनारा कोणता? जागतिक वारशाच्या यादीतला. स्थानिक लोक भडकले. शंभरावर कंटेनर पडले, त्यातले काही वाहत आले आणि बघ्यांनी किनाऱ्यावरून नव्याकोऱ्या मोटारसायकली ढकलत नेल्या. त्याचीच छायाचित्रं जगभर गाजली. टाक्यांतलं बहुतेक सगळं इंधन उपसून काढलं गेलं, याचं छायाचित्र कोण काढणार? न सांडलेलं तेल दिसत नाही. हा निर्णय घेणाऱ्याच्या वाट्याला वाळूवरचा कचरा आणि वर्तमानपत्रांतल्या शिव्या, एवढंच ठरलेलं असतं. म्हणूनच तो मतं मागायला जाणाऱ्या माणसाच्या हातात नको.

नाहीतर काय होतं? भिजत घोंगडं. २०१२ च्या १४ जुलैला अटलांटिकच्या मध्यावर 'एमएससी फ्लॅमिनिया'वर स्फोट होऊन आग लागली, तीन खलाशी गेले. ते जहाज जर्मनीत विल्हेल्म्सहाफेनला लागलं ते ९ सप्टेंबरला, जवळपास आठ आठवड्यांनी, आणि तेही जर्मनीचाच झेंडा लावलेलं असल्यामुळे. 'मॅरिटाइम मेझी' हे रसायनांचं टँकर २०१३ च्या डिसेंबरअखेर बुसानजवळ टकरीत जळालं. दक्षिण कोरिया आणि जपान यांच्या मधल्या पाण्यात ते शंभराहून जास्त दिवस दोराला बांधून ठेवलं होतं. मग उल्सानने आत घेतलं. शंभर दिवसांनी ते जहाज अधिक सुरक्षित झालं होतं का? फक्त नको म्हणणारे दमले होते.

कधी नकार इतका छोटा आणि कागदोपत्री असतो की तो नकार आहे हे देणाऱ्यालाही जाणवत नाही. २०२१ मध्ये 'एक्स-प्रेस पर्ल'वर नायट्रिक अॅसिडचा एक कंटेनर गळत होता. कोलंबोआधीच्या दोन बंदरांनी तो उतरवून घेतला नाही. एक डबा. कोलंबोबाहेर नांगरलेलं असताना २० मे रोजी जहाजाने पेट घेतला, आणि ते खोल पाण्याकडे ओढत असताना २ जूनला शेपटाकडून तळाला टेकलं. श्रीलंकेच्या किनाऱ्यावर प्लॅस्टिकच्या दाण्यांचे ढीग लागले, मेलेली कासवं वाहत आली. २०२५ च्या जुलैमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १०० कोटी डॉलर भरपाईचा आदेश दिला. ज्या बंदरांनी डबा उतरवला नाही त्यांनी कुठलाही नियम मोडला असं मी म्हणत नाही. नियमात काय कमी आहे, तेच त्यातून दिसतं.

नियमांत काय आहे? १९८९ च्या सॅल्व्हेज (जहाज-बचाव) कराराच्या कलम ११ मध्ये, आश्रयाचा निर्णय घेताना बचावकाम यशस्वी व्हायची गरज लक्षात घ्या, असं आहे. लक्षात घ्या, एवढंच. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 'प्रेस्टीज'नंतर, २००३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, २०२३ मध्ये त्या सुधारल्या. चांगल्या आहेत, मी वाचल्यात. बंधनकारक मात्र नाहीत. युरोपीय संघ एक पाऊल पुढे गेला. २००२ च्या निर्देशात २००९ मध्ये दुरुस्ती करून त्यांनी प्रत्येक देशाला स्वतंत्रपणे निर्णय घेणारी यंत्रणा नेमायला लावली. विम्याचा कागद नाही, एवढ्यावरून परिस्थितीची पडताळणी टाळता येणार नाही, असंही त्यात घातलं. पाहणीशिवाय नकार नाही, हे तत्त्व त्यांच्या कामकाजाच्या सूचनांतही आलं. २०२३ च्या जुलैअखेर नेदरलँड्ससमोर ३,७८४ मोटारी भरलेलं 'फ्रीमँटल हायवे' पेटलं, तेव्हा ३ ऑगस्टलाच ते एम्सहाफेनच्या धक्क्याला लागलं होतं. शेजारी वॅडन समुद्र, पुन्हा जागतिक वारसा. तरी घेतलं. म्हणजे जमतं.

पैशाचं रडगाणं खोटं नाही. टँकरच्या तेलासाठी भरपाईचे निधी आहेत, पण त्यांना वरची मर्यादा आहे, आणि 'प्रेस्टीज'चं नुकसान त्या मर्यादेच्या कितीतरी पलीकडे गेलं. रसायनांसारख्या घातक मालाच्या भरपाईचा करार १९९६ ला झाला, २०१० ला सुधारला, आणि अंमलात यायची वाट बघत वर्षानुवर्षं पडून राहिला. आश्रय देणाऱ्या बंदराचं धंद्याचं नुकसान कोण भरणार, हे सोडवायला हवंच. जहाजमालक आणि त्यांचे विमा क्लब (मालकांनी मिळून चालवलेले विमा संघ) यांना त्याबद्दल वेगळं पत्र लिहावं लागेल, आणि त्याची भाषा इतकी मवाळ नसेल. गंजलेली जहाजं पाण्यात सोडायची आणि संकट आलं की खलाशांची तोंडं पुढे करायची, हा त्यांचा जुना धंदा. पण मध्यरात्री पत्रा फाटत असताना भरपाईच्या हमीपत्राचा मसुदा कोणत्या भाषेत हवा यावर चर्चा करणं, हा तुमचा धंदा झालाय, तोही बंद व्हायला हवा. हमी मागा, जरूर मागा. पाहणी मात्र तिच्यासाठी थांबवू नका.

अजून एक, आणि हे मला जास्त बोचतं. कप्तान मँगुरास यांना किनाऱ्यावर आणल्याबरोबर अटक झाली. वय ६७. जामीन ३० लाख युरोंचा. ८३ दिवस ते तुरुंगात होते. स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने २०१० मध्ये तो जामीन अवाजवी नव्हता असा निकाल दिला. जगातल्या प्रत्येक कप्तानाने ही बातमी वाचलेली आहे. आता सांगा, भेग दिसल्यावर तो लगेच तुम्हाला कळवेल, की हवामान सुधारतंय का याची आणखी सहा तास वाट बघेल? मालक फोनवर सांगत असतो, थांब जरा. दुखणं अंगावर काढायची सवय आम्हाला अशी लागते. लवकर आलेली हाक तुम्हाला हवी असेल, तर हाक मारणाऱ्याला आधी गुन्हेगार समजणं सोडा. त्याच्या चुकीची चौकशी जहाज नांगरल्यावर करता येते.

माझं मागणं मर्यादित आहे. प्रत्येक जहाज आत घ्याच, असा आग्रह मी धरत नाही. काही जहाजं खरोखर घेण्यासारखी नसतात, आणि असा नकार मी समजू शकतो. फक्त नकाराआधी तुमचा एक जाणता माणूस हेलिकॉप्टरने किंवा पायलट बोटीने जहाजावर चढू दे. त्याने टाक्या मोजाव्यात, भेग बघावी, चीफ इंजिनियरशी दहा मिनिटं बोलावं. त्याला परत येऊन 'नाही' म्हणायचं असेल तर म्हणू दे, आणि का, ते सहीनिशी लिहू दे. 'आत घेतलं तर काय होईल' याचा हिशेब तुम्ही करताच. त्याच कागदावर 'बाहेर ठेवलं तर काय होईल' हा दुसरा रकानाही त्याने भरावा. कुठल्या वाऱ्यात कुठली खाडी उपयोगी, तिथे तळ कसा, खोली किती, टग कुठून येणार, हे संकटाच्या रात्री शोधायचं नसतं. ते आधी ठरवून, नकाशावर खुणा करून ठेवता येतं. ती यादी जाहीर करायला तुम्ही घाबरता, कारण ज्या गावाचं नाव यादीत, ते गाव मोर्चा आणणार. मग जाहीर करू नका. पण कपाटात तरी असू द्या.

आणि ती आहे का हे बघायला समिती नको. आज रात्री बाराच्या पुढे तुमच्या नियंत्रण कक्षात एक फोन करा. तिथल्या पाळीवरच्या पोराला विचारा, आत्ता एखाद्या कप्तानाने आडोसा मागितला तर तू कोणाला उठवशील? एका माणसाचं नाव त्याने लगेच सांगितलं, तर हे पत्र फाडून टाका. 'थांबा, विचारून सांगतो,' म्हणाला, तर तो जे म्हणतोय तेच आम्ही एकोणीस तास ऐकत होतो.

आपला,
एक निवृत्त चीफ ऑफिसर